हजाराला हजार

‘या लोकांना बचतीची सवय लावायला हवी’ हे वाक्य मी बँकांच्या मेळाव्यांत, कार्यशाळांत आणि देणगीदारांच्या बैठकांत पुष्कळ ऐकलं आहे. कोणी असं म्हणालं की मी त्यांना दुपारी तीनच्या सुमारास जनता वसाहतीत यायला सांगते. पुण्यात पर्वतीच्या उतारावर वसलेली ही मोठी वस्ती. धुणंभांडी, पोळ्या, झाडूफरशी आटोपून बायका त्या वेळेला घरी आलेल्या असतात. दारात बसून त्यांच्याशी पैशांबद्दल बोलायला लागलं की भिशी नसलेली बाई शोधावी लागते. कोणाची गल्लीतली पाचशेची भिशी, कोणाची माहेरच्या बायकांबरोबरची वेगळी. कोणी धान्याच्या डब्याच्या तळाशी नोटा ठेवते, कोणी चांदीचे पैंजण घेऊन ठेवते, कारण अडीअडचणीला ते मोडता येतात. काही जणी कामाच्या घरच्या वहिनींनाच सांगतात, ‘पगारातले पाचशे तुमच्याकडंच राहू द्या. घरी नेले तर राहायचे नाहीत.’

बचत आहे. पण ती टिकत नाही, आणि टिकली तरी वाढत नाही. भिशीचा नंबर लागला की स्वतःचेच पैसे एकरकमी हातात येतात. लिलावाची भिशी असेल तर गरजेपोटी आधी उचलणारीला कमीच मिळतात. जूनमध्ये शाळेचा खर्च, पावसाळ्यात गळणारा पत्रा, मध्येच कोणाचं तरी दवाखान्याचं बिल. वीस वर्षं न चुकता भिशी भरलेल्या बाईच्या गाठीला साठीच्या उंबरठ्यावर काहीच नसतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. घरकामगार बायकांच्या संघटनेबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत मी बचतीचं काम पाहते. या कामात मला सगळ्यात जास्त काय छळत असेल तर हेच: इतक्या कष्टाने साठवलेल्या पैशात दुसऱ्या कोणाचीही भर पडत नाही.

२०१० साली केंद्र सरकारची स्वावलंबन योजना आली तेव्हा मी कामात नवी होते. असंघटित कामगाराने वर्षाला किमान १,००० आणि जास्तीत जास्त १२,००० रुपये आपल्या पेन्शन खात्यात भरले, तर सरकार वर्षाला १,००० रुपये त्यात घालणार आणि साठीनंतर त्यातून पेन्शन मिळणार, अशी ती योजना होती. माहितीपत्रक लांबलचक होतं, पण वस्तीत योजना तीन शब्दांत पोचली: सरकारचे हजाराला हजार.

विश्वास मात्र कोणाचा बसेना. ‘सरकार आपल्याला कशापायी देईल?’ हा पहिला प्रश्न. ज्यांचे पैसे पूर्वी एका चिटफंडात बुडाले होते, त्या तर विषय काढला की उठून आत जात. भंगार वेचणाऱ्या एका मावशींनी नाव घातलं, पण अट घालून. ‘ताई, पावतीवर तुमची सही पाहिजे. सरकारला मी कुठं शोधत फिरू?’ त्या पन्नास-शंभर करत पैसे आणून देत, आणि दरवेळी पावती चारदा दुमडून पिशवीत ठेवत.

पहिल्या वर्षाच्या हिशेबाचा कागद आला तेव्हा मी तो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते. त्यांचं बोट एकेका रकमेवरून खाली सरकत होतं आणि ओठ हलत होते. शंभर, पन्नास, दोनशे. एका ओळीवर बोट थांबलं. ‘हे मी भरलेले नाहीत.’ मी म्हटलं, ‘हे सरकारचे.’ त्यांनी पुन्हा वरपासून मोजलं. मग कागद शेजारणीला दाखवला, तिथून समोरच्या घरी नेला. त्या आठवड्यात त्या गल्लीतून जितकी नवी नावं आली तितकी माझ्या माहितीसभांतून आली नव्हती.

मला त्या हजार रुपयांपेक्षा मावशींच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य जास्त लागलं. माझ्या पगाराच्या कागदावर दर महिन्याला हीच गोष्ट छापलेली असते आणि मला तिचं काहीच वाटत नाही. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याप्रमाणे नोकरदाराच्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात आणि मालकालाही तेवढाच वाटा भरावा लागतो. मूळ पगार १५,००० असेल तर १,८०० माझे, १,८०० मालकाचे. मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शनकडे जातो, पण जातो माझ्याच नावावर. वरून प्राप्तिकराच्या सवलती. नोकरदाराला बचतीची सवय आहे असं आपण म्हणतो तेव्हा, ती सवय कायद्याने लावलेली आहे आणि तिच्यात दुसऱ्याचे पैसे आहेत, हे सांगायचं राहून जातं. चार घरची कामं करणाऱ्या बाईला चार मालक असतात आणि वाटा कोणाचाच नसतो. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी तो कायदा आहे. घर ही आस्थापना नाही.

पुढे काही वर्षांनी मायकेल शेरेडन यांचं लेखन वाचनात आलं आणि माझ्या मनातलं बरंचसं तिथे आधीच मांडलेलं सापडलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी १९९१ साली ‘अ‍ॅसेट्स अँड द पुअर’ हे पुस्तक लिहिलं. मदतीच्या पैशाने गरिबाचा महिना निघतो, पण गरिबीतून बाहेर पडायला गाठीला काहीतरी असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या देशात घरकर्जावरच्या आणि निवृत्ती खात्यांवरच्या करसवलतींतून सरकार सुखवस्तू माणसाची मालमत्ता उभी करायला हातभार लावत होतं. सरकारी मदतीवर जगणाऱ्याने मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे साठवले तर त्याची मदत बंद व्हायची. म्हणून त्यांनी असं खातं सुचवलं की गरीब माणसाने एक डॉलर टाकला की त्यात बाहेरून एक, दोन किंवा जास्त डॉलर पडतील, आणि ते पैसे पहिलं घर, पुढचं शिक्षण किंवा छोटा धंदा यासाठीच वापरता येतील.

१९९७ पासून अमेरिकेत १४ ठिकाणी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. दोन हजारांवर माणसं त्यात होती आणि बहुतेक कमी उत्पन्नाची. त्यांनी महिन्याला सरासरी १९ डॉलरच्या आसपास बाजूला टाकले. रक्कम लहान दिसते, पण ‘गरीब माणूस साठवूच शकत नाही’ या समजुतीला तेवढं उत्तर पुरेसं होतं. १९९८ साली अमेरिकेने यासाठी कायदा केला. २०१७ मध्ये त्याला मिळणारा केंद्राचा पैसा थांबला. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून अभ्यास झाला. चार वर्षांनी खातेदारांचा गट स्वतःचं घर घेण्यात पुढे होता, दहा वर्षांनी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले. मला ही बातमी दडवावीशी वाटत नाही. भर घातलेली बचत माणसाला लवकर उभं करते. तो उभाच राहील याची हमी नोकरी, आजारपण आणि घरांच्या किमती यांच्याकडे असते, आणि त्या गोष्टी कुठल्याच खात्याच्या हातात नाहीत.

हे सगळं वाचल्यावर आम्ही एका देणगीदाराच्या मदतीने आमच्यापुरती छोटी योजना केली. बाईने महिन्याला तीनशे रुपयांपर्यंत टाकायचे, तेवढेच संस्था टाकणार. वापर तीन कामांसाठी: मुलांचं दहावीनंतरचं शिक्षण, धंद्याचं सामान किंवा घराची दुरुस्ती. बाईचे स्वतःचे पैसे कधीही काढता येतील, पण संस्थेचा वाटा थेट दुकानदाराला किंवा कॉलेजला जाईल.

शेवटच्या अटीवरून बैठकीत वादावादी झाली. ‘म्हणजे आमच्यावर भरवसा नाही,’ असं दोघीतिघी स्पष्ट बोलल्या. माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं. उत्तर आलं मागच्या रांगेतून. एक बाई म्हणाली, ‘राहू द्या तसंच. पैसे हातात येत नाहीत असं घरी सांगता येतं.’ बैठक गप्प झाली आणि अट राहिली. अशा योजनांमधले निर्बंध वरून लादलेले असले तर मला ते अपमानाचेच वाटतात. पण त्या दिवसापासून एवढं मात्र मी मानते, की कुठलं कुलूप हवं आणि कुठलं नको हे पैसे राखणाऱ्या बाईला सगळ्यांत चांगलं कळतं.

दुसरा नियमही त्यांनीच घडवला. हप्ता चुकला तर काय, यावर आम्ही दंड, सवलत, मुदत असं काहीबाही लिहून आणलं होतं. पोळ्यांची कामं करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, ‘कामाच्या घरी महिन्याला दोन खाडे मिळतात. बचतीला का नाहीत?’ मग वर्षाला दोन खाडे माफ ठरले, आणि कोणी कोणते महिने घेतले ते वहीत दिसायला लागलं. एक खाडा जवळजवळ सगळ्यांचा जूनमध्ये पडायचा. दुसरा बहुतेकींचा मे महिन्यात, कारण तेव्हा कामाच्या घरची माणसं गावाला जातात आणि काही जण त्या दिवसांचा पगार कापतात. ही दोन महिन्यांची गोष्ट आम्ही आधी विचारली असती तर कळली असती. पण बचतीच्या योजना आखताना उत्पन्न किती हे विचारलं जातं, ते कधी येतं हे फारसं कोणी विचारत नाही.

तीनशेची मर्यादा आम्ही वरची म्हणून ठेवली होती. शंभर टाकले तरी चाललं असतं. पण वहीत शंभर क्वचितच दिसत. जिला जमत होतं ती तीनशेच आणायची, जिला जमत नव्हतं ती दोनशे ऐंशी आणून म्हणायची, ‘वीस उद्या देते.’ अमेरिकेतल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: भर किती पट आहे यापेक्षा भर कुठपर्यंत मिळते या आकड्याने लोक जास्त पुढे सरकले, कारण वरची मर्यादा हीच त्यांनी आपली मजल ठरवली. मर्यादा ठरवताना हात आखडता घ्यायचा नाही, हे मी त्या वहीवरून शिकले.

खाड्यांचा नियम सुचवणाऱ्या त्या ताईंना पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. वस्तीत साड्या पिकोला देणाऱ्या बायका खूप, आणि हे काम दुपारी घरी बसून करता येतं. दीडेक वर्षाने दोन्ही वाटे मिळून मशीनपुरते पैसे झाले आणि आम्ही दुकानात गेलो. त्यांनी आधी मशीन उघडायला लावलं, सुईखाली स्वतःच्या पदराचं टोक धरून शिवण पाहिली, मोटरचा आवाज ऐकला, मग किमतीवर आल्या. दुकानदार पाचशेवर अडला. बराच वेळ गेला तेव्हा मी हळूच म्हटलं, ‘ताई, निम्मे संस्थेचेच आहेत, आता सोडा पाचशे.’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘वहीत होते तोवर तुमचे होते. आता सगळे माझेच हायेत.’ पाचशे सुटले, वर तेलाची बाटली आणि बॉबिनचा डबा मिळाला. वाचलेल्या पाचशेंच्या धाग्याच्या रिळी त्यांनी त्याच दुकानातून घेतल्या आणि त्या बिलात टाकायला लावल्या, कारण धागा हेही धंद्याचंच सामान.

सगळ्यांचं असं झालं नाही. सासूच्या ऑपरेशनला, दिराच्या जामिनाला पैसे काढणाऱ्या होत्या. त्यांना कोणी बोल लावला नाही. पैसे त्यांचे होते आणि वेळ तशी होती.

आमची योजना देणगीदाराच्या मुदतीबरोबर संपली. सरकारच्या योजना तशा संपायला नकोत, पण त्याही बदलत राहिल्या. १ एप्रिल २०१५ पासून स्वावलंबनमध्ये नवी नोंदणी बंद झाली आणि त्याच वर्षी अटल पेन्शन योजना आली. वय १८ ते ४० अशी तिची अट. स्वावलंबनमधल्या बायकांना तिच्यात जाता येत होतं, पण चाळिशीच्या आतल्यांनाच. अटलमध्येही सरकारचा वाटा होता: भरलेल्या रकमेच्या निम्मा, वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये. पण तो सुरुवातीच्या महिन्यांत नाव नोंदवलेल्यांनाच आणि पाच वर्षांपुरता. वयाचा दाखला म्हणजे आधार कार्ड, आणि आमच्या कितीतरी बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी त्यांनी अंदाजे वर्ष सांगितलं होतं. त्या अंदाजावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलं. भंगार वेचणाऱ्या मावशी कागदोपत्री चाळिशीपुढे होत्या.

२०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आली आणि तिच्यात बरोबरीचा वाटा परत आला. महिना १५,००० पर्यंत कमाई, वय १८ ते ४०. अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिना ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००. तेवढेच दर महिन्याला सरकार भरणार आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. खातेदार गेला तर जोडीदाराला निम्मी. मी ही योजना मनापासून सांगते आणि नावंही घालते. पण तिच्यातली दोन दुखणी मला रोज दिसतात.

पहिलं तारखेचं. हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. घरकामाचा पगार मात्र कुठे एक तारखेला, कुठे पाचला, कुठे ‘साहेब दौऱ्यावरून आले की’ असा येतो, आणि तोही रोख. एका बाईच्या खात्यात हप्त्याच्या दिवशी ९४ रुपये होते आणि हप्ता होता शंभराचा. तिने शंभराच्या वर ठेवले होते. मधल्या मध्ये बँकेने मेसेजचे पैसे कापले. सहा रुपयांसाठी हप्ता परत गेला. ती पासबुक भरून आणायला गेली तेव्हा तिचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. छोट्या कर्जाच्या कंपनीचा माणूस दर आठवड्याला तिच्या दारात येतो, तिच्या वेळेला, आणि वसुली करून जातो. बचतीसाठी दारात कोणी येत नाही.

दुसरं दुखणं लांबच्या फळाचं. २९ व्या वर्षी सुरू करणारीला ३१ वर्षं भरायचं आहे. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर तिच्या साठीला त्या ३,००० रुपयांत आजच्या पाचशे रुपयांइतकंच सामान येईल. मी हे बायकांना सांगते, कारण नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आणि दहा वर्षांच्या आत बाहेर पडलं तर स्वतः भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजासह मिळतात, सरकारचा वाटा मिळत नाही. ज्या घरात दहा वर्षांत एकही मोठं आजारपण येत नाही असं घर मी वस्तीत पाहिलेलं नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये यायला लागल्यावर काही जणींनी त्यातून पोस्टात आर.डी. उघडली. पाच वर्षं त्यांना दिसतात. एकतीस वर्षं दिसत नाहीत. त्यांचा हिशेब मला चुकीचा वाटत नाही.

मालक अनेक असतील तर वाटा वसूल कसा करायचा, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलेलं आहे. हमाल एका दिवसात पाच व्यापाऱ्यांची पोती उचलतो. त्याचा एक मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पाहायची. मार्केट यार्डातला हमाल आणि समोरच्या सोसायटीत चार घरी पोळ्या करणारी त्याची बायको, दोघांचेही मालक अनेक आहेत. त्याच्या म्हातारपणाची सोय कायद्याने केली, तिची केली नाही. घरकामगारांसाठी २००८ साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण माथाडीसारखी मालकांवरची सक्तीची लेव्ही त्यात नाही. आमच्या मोर्च्यांतली आणि निवेदनांतली मुख्य मागणी तीच असते, आणि ती मिळेपर्यंत मी थांबणार नाही.

तोवर एका सोसायटीत आम्ही सुरुवात केली आहे. काही घरांनी ठरवलं, की बाईने आर.डी.त शंभर टाकले की आपण शंभर टाकायचे. एकाच बाईची तीन घरं यात असली तर तिच्या शंभराला तीनशे मिळतात. आर.डी. तिच्या नावावर आणि पासबुक तिच्याकडे. पाच वर्षांची मुदत, कारण तेवढी तिला दिसते. पैसे टाकायची तारीख बारा ठेवली आहे, तोपर्यंत सगळीकडचे पगार झालेले असतात. पहिल्याच बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, ‘आणि ती मधेच काम सोडून गेली तर?’ त्यांच्या पत्नी निवृत्त शिक्षिका, त्याच म्हणाल्या, ‘तर पैसे तिचेच राहतील. मी दोन शाळा बदलल्या, माझा फंड कोणी परत मागितला नाही.’ त्यांनी वही पुढे ओढली आणि आपल्या घराचा नंबर पहिल्या ओळीत लिहिला. पुढच्या बैठकीला शेजारच्या दोन सोसायट्यांचे चिटणीस येणार आहेत. त्यांच्यासाठी नियमांचा एक पानाचा कागद मी आणि ताई मिळून लिहितो आहोत, आणि खाड्यांचं कलम त्यात सगळ्यांत वर आहे.